मात्रा आणि प्रतिरूप : ॲलर्जीजन्य नासाशोथाच्या उंदरावरील प्रयोगांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

ॲलर्जीजन्य नासाशोथाच्या संशोधनाचा इतिहास बहुधा प्रतिपिंडांचा व पेशींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परागकणांचा शोध, मग रक्तरसातील संवेदक द्रव्याचा शोध, मग त्या द्रव्याची आयजीई ह्या नावाने ओळख आणि शेवटी ते निर्माण करविणाऱ्या टी पेशींचे वर्गीकरण, असा तो क्रम आहे. हा क्रम चुकीचा नाही. परंतु त्यात एक धागा हातून निसटतो. रोगकारक द्रव्य शरीरात किती जाते, कोणत्या मार्गाने जाते व कितीदा जाते, ह्या प्रश्नाचा तो धागा होय. ह्या रोगाचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या संशोधकांना मात्रेचे महत्त्व पुरते कळलेले होते. पुढे प्रयोगासाठी माणसाऐवजी उंदीर आला आणि मात्रेचा प्रश्न प्रयोगपद्धतीच्या टिपणात जाऊन बसला. निष्कर्षाच्या चर्चेत त्याला पुन्हा स्थान मिळावयास अनेक दशके लागली.

ह्या विस्मरणाची किंमत लहान नाही. उंदीर हा माणसाचा प्रतिनिधी म्हणून निवडलेला असतो. त्याच्या नाकात निर्माण केलेली विकृती जर माणसाच्या रोगाहून मुळातच वेगळी असेल, तर तिच्यावर लागू पडलेले औषध माणसाला लागू पडेलच असे नाही. म्हणून ह्या प्रयोगांपैकी कोणते प्रतिरूप ग्राह्य मानावयाचे, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील सोयीचा नाही. तो पुराव्याच्या स्वरूपाविषयीचा प्रश्न आहे, आणि इतिहासाच्या साहाय्याने त्याची उकल अधिक स्पष्टपणे होते.

२. माणसावरील प्रयोगांचा काळ

१६ मार्च १८१९ रोजी जॉन बोस्टॉक ह्या वैद्याने लंडनच्या मेडिको-चिरर्जिकल सोसायटीपुढे दर उन्हाळ्यात होणाऱ्या डोळ्यांच्या व छातीच्या एका विकाराची हकीकत वाचली. रुग्ण ते स्वतःच होते. १८२८ साली त्यांनी दुसरा निबंध सादर केला, तेव्हा शोध घेऊनही त्यांना सारे मिळून २८ रुग्ण आढळले होते. लोकांत हा विकार वाळल्या गवतामुळे होतो अशी समजूत रूढ होत होती. बोस्टॉक ह्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. उन्हाळ्यातील उष्णतेकडेच त्यांचा रोख होता.

ह्या वादाचा निर्णय प्रयोगाने लावला तो मँचेस्टरच्या चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली ह्यांनी. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हा विकार परागकणांमुळे होतो हे त्यांनी स्वतःच्या शरीरावरील प्रयोगांनी दाखविले. साठवलेले पराग हुंगून त्यांनी हंगाम नसतानाही स्वतःला विकार जडवून घेतला, खरचटलेल्या त्वचेवर पराग लावून तेथे उठणारा फोड पाहिला. ह्यापलीकडे त्यांचे एक वैशिष्ट्य आहे. चिकट द्रवाचा लेप दिलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून त्यांवर बसलेल्या परागकणांची त्यांनी रोजच्या रोज मोजणी केली. उंचावरील हवेतील पराग मोजण्यासाठी पतंगांना काचपट्ट्या बांधून त्या आकाशात चढविल्या. परागांचे दैनिक प्रमाण व स्वतःच्या लक्षणांची तीव्रता ही त्यांनी शेजारी शेजारी मांडली. ह्या रोगाच्या संदर्भात मात्रा व परिणाम ह्यांचा संबंध जोडण्याचा हा आद्य प्रयत्न म्हणावयास हरकत नाही.

ह्याच दिशेने पुढचे मोठे पाऊल लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात पडले. आल्मरॉथ राइट ह्यांच्या विभागात काम करणाऱ्या लेनर्ड नून ह्यांनी १९११ साली टिमोथी गवताच्या परागांचा अर्क टोचून परागज्वर टाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी प्रथम मोजमापाचे एकक ठरविले : एका ग्रॅमच्या दहालक्षांश परागातून निघणारा अर्क म्हणजे एक एकक. मग निरनिराळ्या तीव्रतेचे अर्क रुग्णाच्या डोळ्यात क्रमाने घालून कोणत्या तीव्रतेला डोळा लाल होतो हे त्यांनी पाहिले. त्यावरून रुग्णाची संवेदनशीलता आकड्यात मांडता येऊ लागली. ह्या आकड्यांच्या आधारे नून ज्या निष्कर्षाप्रत आले, तो ह्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. योग्य मात्रेने व योग्य अंतराने टोचल्यास संवेदनशीलता कित्येक पटींनी घटते. तेच द्रव्य अतिरिक्त मात्रेने किंवा फार लवकर लवकर टोचल्यास ती उलट वाढते. द्रव्य एकच, रुग्ण एकच. केवळ मात्रा व काळ बदलल्याने परिणामाची दिशाच पालटते. १९१३ साली क्षयाने नून ह्यांचे निधन झाले व त्यांचे काम जॉन फ्रीमन ह्यांनी चालविले.

३. गिनीपिगचे राज्य व उंदराची उपेक्षा

प्राण्यांवरील प्रयोगांची परंपरा वेगळ्या वाटेने आली. समुद्रफुलांच्या विषावर काम करीत असता पोर्तिए व रिशे ह्यांना १९०२ साली असे आढळले की, विषाच्या पहिल्या मात्रेतून वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याच विषाच्या अत्यल्प मात्रेने काही मिनिटांत दगावतो. संरक्षणाच्या उलट अशा ह्या अवस्थेला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले. चारच वर्षांनी, १९०६ साली, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी शरीराच्या बदललेल्या प्रतिसादशक्तीसाठी ॲलर्जी हा शब्द घडविला. त्याच वर्षी अमेरिकेत रोझेनाऊ व अँडरसन ह्यांनी गिनीपिगवर घोड्याच्या रक्तरसाचे प्रयोग करून एक विलक्षण आकडा प्रसिद्ध केला : एका घन सेंटिमीटरच्या दहालक्षांश इतका रक्तरसही प्राण्याला संवेदनशील करण्यास पुरेसा होतो. संवेदनशील करणारी मात्रा व नंतर आघात घडविणारी मात्रा ह्या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांत हजारो पटींचे अंतर असू शकते, हे येथे प्रथमच स्पष्ट झाले.

ह्यानंतर सुमारे अर्धशतक गिनीपिग हाच ह्या शास्त्राचा मुख्य प्राणी राहिला. त्याची श्वासनलिका हिस्टामिनाला तीव्र प्रतिसाद देते, त्यामुळे परिणाम डोळ्यांना दिसतो. उंदीर मात्र ह्या कामाला निरुपयोगी समजला जाई. हिस्टामिनाची मोठी मात्राही तो सहन करतो. त्याच्या मास्ट पेशींत हिस्टामिनाबरोबर सेरोटोनिनही असते. त्याच्यात आघात घडवून आणणे अवघड असते. माणसाच्या रक्तरसातील संवेदक द्रव्याचे अस्तित्व प्राउस्नित्स व क्युस्टनर ह्यांनी १९२१ साली दाखविले, तेही प्राण्यावर नव्हे. क्युस्टनर ह्यांना मासळीची ॲलर्जी होती. त्यांचा रक्तरस प्राउस्नित्स ह्यांच्या त्वचेत टोचला असता तेवढ्याच जागी संवेदनशीलता संक्रांत झाली.

१९६० नंतर हे चित्र बदलले. १९६६ साली ब्राझीलमध्ये मोटा व पेइशोतो ह्यांनी उंदराच्या रक्तरसात त्वचेला संवेदनशील करणारे व उष्णतेने नष्ट होणारे प्रतिपिंड दाखविले. त्याच सुमारास डेन्व्हर येथे किमिशिगे व तेरुको इशिझाका ह्या दांपत्याने, आणि उप्साला येथे योहान्सन व बेनिख ह्यांनी स्वतंत्रपणे, माणसातील संवेदक द्रव्य प्रतिपिंडांच्या एका नव्या वर्गाचे आहे हे सिद्ध केले. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने त्या वर्गाला आयजीई हे नाव मिळाले. उंदरातील द्रव्य ह्याच वर्गाचे होते. माणूस व उंदीर ह्यांच्यामध्ये एक पूल बांधला गेला.

४. शुद्ध वाण व अल्प मात्रा

उंदराच्या पारड्यात आणखी एक मोठे वजन होते. त्याचे अंतःप्रजनित शुद्ध वाण उपलब्ध होते. क्लॅरेन्स कुक लिट्ल ह्यांनी १९०९ साली अशा पहिल्या वाणाची पैदास सुरू केली. १९२१ च्या सुमारास त्यांच्याच हातून सी ५७ ब्लॅक ही शाखा निघाली आणि १९२९ साली त्यांनी बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापिली. पांढऱ्या बाल्ब/सी वाणाचे मूळ हॅल्सी बॅग ह्यांनी १९१३ साली विकत घेतलेल्या उंदरांत आहे. एका वाणातील सर्व प्राणी आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखे असल्याने, अन्य घटक स्थिर ठेवून केवळ मात्रा बदलली तर काय होते, हा प्रश्न आता काटेकोरपणे विचारता येऊ लागला.

तो प्रश्न दोन ठिकाणी विचारला गेला. १९६४ साली लंडनजवळील मिल हिल येथे मिचिसन ह्यांनी उंदरांना गोजातीय अल्ब्युमिन ह्या प्रथिनाच्या वेगवेगळ्या मात्रा वारंवार दिल्या. मध्यम मात्रेला प्रतिपिंडे निर्माण झाली. फार मोठ्या मात्रेला झाली नाहीत, आणि नवल असे की अत्यल्प मात्रेच्या एका पट्ट्यातही प्रतिसादशक्ती लोपली. सहिष्णुतेचे दोन प्रदेश आहेत, एक वरचा व एक खालचा, असे त्यांनी दाखविले. मात्रा व परिणाम ह्यांचा आलेख सरळ चढत्या रेषेचा नसतो, ही गोष्ट येथे निर्विवाद झाली.

दुसरे ठिकाण न्यूयॉर्कचे. १९७० साली लेव्हिन व व्हाझ ह्यांनी वाण, प्रतिजन व मात्रा ह्या तिन्ही घटकांच्या निरनिराळ्या जुळण्या करून कोणत्या जुळणीतून संवेदक प्रतिपिंड उपजते हे पाहिले. पुढच्याच वर्षी व्हाझ दांपत्य व लेव्हिन ह्यांनी अंड्याच्या पांढऱ्या भागातील ओव्हल्ब्युमिन हे प्रथिन ॲल्युमिनियम संयुगाबरोबर अल्प मात्रेत पुनःपुन्हा टोचले, तेव्हा आयजीई वर्गाचे प्रतिपिंड दीर्घकाळ टिकून राहिले. मोठ्या मात्रेने इतर वर्गांची प्रतिपिंडे भरपूर निघत. आयजीई मात्र थोड्या काळाने ओसरत असे. माणसातील ॲलर्जी वर्षानुवर्षे टिकते, ही तिची खूण आहे. त्या खुणेशी जुळणारे उंदराचे पहिले प्रतिरूप अल्प मात्रेचे होते, हे विसरता कामा नये.

५. ओव्हल्ब्युमिन व तुरटी : एका संकेताचा जन्म

१९८६ साली मोसमन व कॉफमन ह्यांनी उंदराच्या मदतनीस टी पेशींचे दोन प्रकार दाखविले. दुसऱ्या प्रकारच्या पेशी इंटरल्यूकिन-४ व तत्सम द्रव्ये स्रवतात, आणि त्या द्रव्यांच्या प्रभावाने आयजीईची निर्मिती होते. आता संशोधकांना असा उंदीर हवा होता की ज्याच्यात हा दुसरा प्रकार हुकमी प्रबळ होईल. ती गरज एका ठरावीक कृतीने भागविली. बाल्ब/सी वाणाच्या उंदराच्या उदरपोकळीत १० ते १०० मायक्रोग्रॅम ओव्हल्ब्युमिन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडबरोबर आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनतीनदा टोचावयाचे व नंतर तेच प्रथिन हवेतून किंवा थेंबांनी श्वसनमार्गात द्यावयाचे, अशी ती कृती होय. तुरटीच्या साहाय्याने लसीचा प्रभाव वाढतो हे ग्लेनी ह्यांनी १९२६ मध्येच दाखविले होते. तीच युक्ती येथे ॲलर्जी निर्माण करण्यास वापरली गेली.

ह्या कृतीचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. तिच्यामुळे प्रयोग एका प्रयोगशाळेतून दुसरीत नेता आला. जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर ती वापरून एकेका रेणूचे कार्य उलगडले गेले. कॅनबेरा येथे फॉस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली असे दाखविले की, इंटरल्यूकिन-५ नसलेल्या उंदरात इओसिनरागी पेशींचा लोंढा येत नाही व श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलताही निर्माण होत नाही. परंतु १९९० नंतर ही कृती एक संकेत बनली. आणि संकेताचे कारण विचारण्याची पाळी सहसा येत नाही. हुकमी परिणाम मिळावा म्हणून मात्रा मोठी ठेवण्याकडे कल झुकला आणि मात्रेच्या परिणामाची दिशा पालटते, हे नून व मिचिसन ह्यांचे ज्ञान बाजूला पडले.

मात्रेचे हे आधिक्य किती, ह्याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. दर मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम प्रथिन असलेल्या द्रावणाचे २० मायक्रोलिटर नाकात सोडले तर एका वेळी ५०० मायक्रोग्रॅम प्रथिन जाते. उंदराच्या नाकाच्या अंतःत्वचेचे क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस सेंटिमीटर असते, माणसाचे सुमारे १६०. क्षेत्रफळाच्या प्रमाणात पाहिल्यास ही मात्रा माणसाच्या नाकात एका दिवशी सुमारे २८ मिलिग्रॅम प्रथिन घालण्यासारखी होते. उलट, रॅगवीड ह्या अमेरिकी तणाच्या मुख्य ॲलर्जीकारक प्रथिनाची सबंध हंगामात श्वासावाटे जाणारी मात्रा एका मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असावी, असा डेव्हिड मार्श ह्यांचा १९७० च्या दशकातील अंदाज होता. क्षेत्रफळाचा हिशेब स्थूल आहे हे खरे. नाकातील द्रव्य किती वेगाने वाहून जाते, हेही त्यात धरलेले नाही. तरीसुद्धा हजारो पटींचे अंतर असल्या दुरुस्त्यांनी भरून निघत नाही.

हे अंतर केवळ संख्येचे असते तर त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु मात्रेबरोबर रोगाची यंत्रणाही बदलते, असा पुरावा मिळत गेला. १९९४ साली आयजीई निर्माण करू न शकणाऱ्या उंदरांतही ॲनाफिलॅक्सिस घडून येतो, असे ओएट्जेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. सिनसिनाटी येथे फिंकलमन व त्यांच्या गटाने ह्याचा पाठपुरावा केला. उंदरात दोन मार्ग आहेत, एक आयजीईचा व दुसरा आयजीजीचा. आणि दुसरा मार्ग चालू होण्यास प्रतिजन पहिल्यापेक्षा पुष्कळ अधिक लागतो. अल्प मात्रेला हेच आयजीजी प्रतिपिंड प्रतिजनाला वाटेत अडवून संरक्षण करते. परागांची टोचणी घेतलेल्या रुग्णांच्या रक्तरसात रोधक प्रतिपिंड असते, हे न्यूयॉर्कच्या कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ साली दाखविले होते, त्याची येथे आठवण होते. एकच प्रतिपिंड अल्प मात्रेला रक्षक व मोठ्या मात्रेला घातक ठरते. तेव्हा मोठ्या मात्रेच्या उंदरात दिसणारी विकृती माणसाच्या रोगाची मोठी आवृत्ती आहे असे गृहीत धरता येत नाही. ती वेगळी विकृती असण्याचाही संभव राहतो.

६. नाक हे स्वतंत्र इंद्रिय

१९९० च्या दशकातील बहुतेक प्रयोगांचे लक्ष्य फुप्फुस होते, नाक नव्हते. नासाशोथाचे प्रतिरूप म्हणून उंदराकडे विशेष लक्ष गेले ते शतकाच्या वळणावर. लूव्हेन येथे हेलिंग्ज व त्यांचे सहकारी आणि कॅनडातील हॅमिल्टन येथे सायतो, डेनबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी २००१ साली नाकातील इओसिनरागी शोथाची वर्णने प्रसिद्ध केली. शिंकांची संख्या व पंजाने नाक चोळण्याची वारंवारता ही मोजमापाची साधने ठरली. वरच्या व खालच्या श्वसनमार्गांचे विकार परस्परसंबद्ध आहेत हा विचार त्याच वर्षी आरिया ह्या आंतरराष्ट्रीय अहवालाने रुग्णचिकित्सेतही मांडला.

परंतु उंदराचे नाक माणसाच्या नाकासारखे नसते. उंदीर केवळ नाकानेच श्वास घेतो. त्याच्या नाकातील अस्थिपटले अत्यंत गुंतागुंतीची असून अंतःत्वचेचा जवळजवळ अर्धा भाग गंधग्राही असतो. माणसात हा भाग अवघा काही टक्के भरतो. माणसाच्या घशाभोवती टॉन्सिलांचे कडे असते, त्याऐवजी उंदराच्या नाकाच्या तळाशी लसिका ऊतकाचे दोन पट्टे असतात. शिवाय नाकात सोडलेला थेंब नाकातच राहील ह्याची शाश्वती नाही. सदम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली किरणोत्सर्गी खूण घातलेला द्रव वापरून हे मोजले. पाच मायक्रोलिटरचा थेंब जवळजवळ सर्व वरच्या मार्गातच राहतो. पण भूल दिलेल्या उंदराच्या नाकात पन्नास मायक्रोलिटर सोडल्यास त्यातील निम्म्याच्या आसपास फुप्फुसात उतरतो. जागा उंदीर व भूल दिलेला उंदीर ह्यांतही मोठा फरक पडतो.

ह्या एका मोजणीने आधीच्या अनेक प्रयोगांवर प्रकाश पडतो. ज्यांना नासाशोथाचे प्रतिरूप म्हटले जात होते त्यांपैकी काहींत मुख्य मात्रा फुप्फुसाला मिळत होती. म्हणजे मात्रा सांगताना प्रथिनाचे वजन पुरेसे नाही. द्रवाचे आकारमान व प्राण्याची अवस्था हीही मात्रेचीच अंगे आहेत.

७. सहायकाविना संवेदीकरण

माणूस उदरपोकळीत टोचून घेऊन ॲलर्जिक होत नाही. तो श्वासाने होतो. मग उंदरालाही केवळ नाकावाटे संवेदनशील करता येईल काय? ओव्हल्ब्युमिनापुरते उत्तर प्रतिकूल होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे होल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या वर्षांत घुशीच्या जातीतील पांढऱ्या प्रयोगप्राण्यांवर दाखविले होते की, निरुपद्रवी प्रथिन पुनःपुन्हा हुंगविल्यास आयजीईचा प्रतिसाद दबतो, म्हणजे सहिष्णुताच निर्माण होते. उलट जपानमधील ओकायामा येथे ओकानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली सहायक द्रव्याविना, केवळ नाकावाटे, नासाशोथ घडवून आणला. मात्र त्यासाठी त्यांना परजीवी कृमीच्या अंड्यांतील प्रतिजन घ्यावे लागले, आणि यश उंदराच्या वाणावर अवलंबून राहिले.

ह्या विरोधाचा एक उलगडा येल विद्यापीठात आयझेनबार्थ व बॉटम्ली ह्यांच्या गटाने २००२ साली केला. बाजारातील ओव्हल्ब्युमिनात जीवाणूंचे अंतर्विष अल्प प्रमाणात मिसळलेले असते. ते काढून टाकल्यावर नाकावाटे दिलेले प्रथिन संवेदनशीलता निर्माण करू शकले नाही. त्यात अल्प अंतर्विष मिसळले तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या टी पेशींचा, म्हणजे ॲलर्जीचा, प्रतिसाद आला. त्याच्या हजार पट मिसळले तेव्हा पहिल्या प्रकारचा आला. मात्रेचा प्रश्न येथे दुहेरी झाला. ज्या प्रयोगांत केवळ प्रथिनाची मात्रा नोंदलेली होती, त्यांत न मोजलेले दुसरेच द्रव्य निर्णायक ठरत असण्याचा संभव होता. १९९५ साली दोन गटांनी पात्रातील टी पेशींवर मात्रेचे प्रयोग करून परस्परांशी पूर्णपणे न जुळणारे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. कॉन्स्टंट ह्यांच्या गटाला मोठ्या मात्रेने पहिला व लहान मात्रेने दुसरा प्रकार मिळाला. हॉस्कन ह्यांच्या गटाला मधल्या मात्रेला पहिला, तर अत्यल्प व अतिमोठ्या अशा दोन्ही टोकांना दुसरा प्रकार मिळाला. मात्रेच्या अक्षावर कोणता तुकडा तपासला आहे, ह्यावर अशा निष्कर्षांचे स्वरूप अवलंबून असते.

ह्यानंतर घरातील धुळीतील माइटकडे लक्ष वळले. लायडन येथे फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा ह्यांनी १९६० च्या दशकात ह्या सूक्ष्म जीवाचा धुळीच्या ॲलर्जीशी संबंध जोडला होता. त्याच्या अर्कातील काही प्रथिने स्वतःच विकरे असल्याने ती अंतःत्वचेला हानी पोचवितात, आणि म्हणून तुरटीची गरज उरत नाही. हॅमिल्टन येथे योर्दाना ह्यांच्या गटाने २००४ पासून असा अर्क केवळ नाकावाटे देऊन श्वसनमार्गात शोथ घडवून आणला. त्याच गटातील योप-गेव्हारा व सहकाऱ्यांनी २००८ साली मात्रा व कालावधी क्रमाने बदलून प्रतिसाद मोजला, तेव्हा आलेख सरळ रेषेचा निघाला नाही. एका उंबरठ्याखाली परिणाम नगण्य, उंबरठ्यावर तो झपाट्याने वाढतो आणि पुढे मात्रा वाढविली तरी स्थिर राहतो.

८. प्रतिरूपांची तुलना

ह्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर दोन्ही पद्धतींची तुलना करता पुढील गोष्टी लक्षात येतात. तुरटीसह टोचण्याच्या पद्धतीत आयजीई भरपूर मिळते, प्राण्याप्राण्यांतील तफावत कमी राहते व वेळ थोडा लागतो. परंतु संवेदीकरणाची पायरी, म्हणजे निरोगी नाक ॲलर्जिक कसे होते हा मूळ प्रश्न, ह्या पद्धतीत आधीच ओलांडलेला असतो. संवेदनशील झालेल्या प्राण्यात औषध लक्षणे शमविते काय, एवढेच तिला विचारता येते. केवळ नाकावाटे संवेदीकरणाच्या पद्धतीत आयजीई कमी मिळते, वाणाचा व अर्काच्या घटकांचा प्रभाव अधिक पडतो आणि प्राणी जास्त लागतात. परंतु रोगाचा उगम तिच्यात तपासता येतो. म्हणून एक पद्धत खरी व दुसरी खोटी असा निवाडा करणे योग्य नव्हे. प्रत्येक पद्धतीला कोणता प्रश्न विचारता येतो व कोणता येत नाही, हे ठरविणे हाच तुलनेचा हेतू होय.

मात्र एका पद्धतीचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडल्यास काय होते, ह्याचे उदाहरण इतिहासात आहे. इंटरल्यूकिन-५ वरील उंदरांतील निष्कर्षांच्या आधाराने दम्याच्या रुग्णांवर त्या द्रव्याविरुद्धच्या प्रतिपिंडाची चाचणी झाली व ती २००० साली प्रसिद्ध झाली. रक्तातील व थुंकीतील इओसिनरागी पेशी अपेक्षेप्रमाणे घटल्या. परंतु श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता व ॲलर्जीकारकाला येणारी उशिराची प्रतिक्रिया ह्यांवर परिणाम दिसला नाही. पुढे तीव्र दम्याच्या, इओसिनरागी पेशी विपुल असलेल्या निवडक रुग्णांना ह्याच वर्गाच्या औषधाचा लाभ झाला, हे खरे. पण त्यासाठी आधी प्रश्नच नव्याने मांडावा लागला.

९. माणसाकडे परत

मात्रेचा धागा अखेरीस माणसाकडेच परत येतो. बोस्टन येथे फ्रँकलिन व लोवेल ह्यांनी १९६७ साली रॅगवीडच्या अर्काच्या दोन मात्रांची तुलना करून मोठ्या मात्रेचा उपचार अधिक गुणकारी असल्याचे दाखविले. अल्प मात्रा देऊन केलेल्या उपचाराला निष्फळ म्हणण्यात अर्थ नव्हता, ती मात्राच अपुरी होती. २००१ साली प्लॅट्स-मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या पाहणीत असे नोंदविले की, घरात मांजराच्या ॲलर्जीकारकाचे प्रमाण वाढत जाते तशी संवेदनशीलता प्रथम वाढते, पण अत्युच्च प्रमाणाला ती घटते, आणि अशा मुलांत आयजीई नसूनही आयजीजीची प्रतिपिंडे सापडतात. मिचिसन ह्यांचा वरचा प्रदेश जणू माणसाच्या घरात दिसून आला. माइटच्या बाबतीत मात्र असा उतार त्यांना आढळला नाही. म्हणजे एका द्रव्याचा आलेख दुसऱ्याला लावता येत नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व महाराष्ट्रातील अभ्यासकांना विशेष आहे. १९५६ साली पुण्याहून ज्याची भारतातील नवे तण म्हणून नोंद झाली, ते गाजरगवत दख्खनच्या पडीक जमिनींवर व रस्त्यांच्या कडेने पसरले. त्याच्या स्पर्शाने होणारा त्वचाविकार सुपरिचित आहे, आणि त्याचे पराग नासाशोथालाही कारण होतात. अशा स्थानिक परागांचे प्रतिरूप उंदरात उभारावयाचे असेल, तर ओव्हल्ब्युमिनाच्या किंवा माइटच्या कोष्टकातील आकडे उचलून चालणार नाही. अर्कातील प्रथिनाचे व अंतर्विषाचे प्रमाण प्रथम मोजावे लागेल, एक नव्हे तर क्रमाने वाढत्या अनेक मात्रा तपासाव्या लागतील, आणि थेंबाचे आकारमान, भूल दिली की नाही व उंदराचा वाण कोणता ह्यांची नोंद ठेवावी लागेल. अनेक मात्रा म्हणजे अनेक प्राणी. रसेल व बर्च ह्यांनी १९५९ साली प्राणिसंख्या घटविण्याचे जे तत्त्व मांडले त्याच्याशी ह्याचा वरवर विरोध दिसतो. परंतु एकाच चुकीच्या मात्रेवर वर्षानुवर्षे वाया जाणाऱ्या प्राण्यांची संख्या त्याहून मोठी असते.

ब्लॅकली ह्यांनी पराग मोजले, नून ह्यांनी त्यांचे एकक ठरविले. त्यांच्याजवळ शुद्ध वाण नव्हते, आयजीईचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. तरीही एक गोष्ट त्यांनी नंतरच्या अनेकांपेक्षा स्पष्टपणे जाणली होती : ॲलर्जी हा केवळ द्रव्याचा गुण नव्हे किंवा केवळ शरीराचाही नव्हे, विशिष्ट शरीर व विशिष्ट द्रव्य ह्यांची विशिष्ट मात्रेत गाठ पडली म्हणजे ती उद्भवते. उंदरावरील प्रयोगांचा साठ वर्षांचा इतिहास ह्या जाणिवेला खोडून काढत नाही. तो तिला अधिक नेमके करतो, आणि कोणत्याही प्रतिरूपाचे मूल्य ठरविताना पहिला प्रश्न मात्रेचा असावा, हे सांगून जातो.